बे दाहे वीस

पलक छाजेड दर गुरुवारी साडेदहाला येते,
जिरावनच्या बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये.
तिच्यामागे पांढरी भिंत, निम्मं कॅलेंडर,
आणि विजयनगरचे हॉर्न.

पहिल्या दिवशी म्हणाली, पेशंट का नाम बताइए.
हे आंघोळीला गेलेले.
मी अडखळले.
एकतीस वर्षांत उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं ते नाव.
आता चांदीचं ताट नाही, महिरप नाही,
नुसतंच कसं घ्यायचं?
श्रीपाद, म्हटलं. श्रीपाद यशवंत रेठरेकर.
तिनं टाइप केलं. पुढे विचारलं, वजन?

ह्यांची झोप म्हणजे
लोकमान्य नगरातल्या तीन घरांची करमणूक.
बँकेत शिक्का हातात धरून डुलकी,
महूनाक्यावर सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला
तरी स्कूटर तिथेच.
लोकांना घोरणं ऐकू यायचं.
मला ते थांबल्यावरचं ऐकू यायचं.

तिथे मी पाढा म्हणायचे.
बालविनयची सव्वीस वर्षांची सवय.
ओळीला दोन सेकंद, भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलेले,
म्हणजे पाढ्याचं उत्तर तेच सेकंद.
बे एके बे. बे दुणे चार.
बहुतेकदा बे साती चौदाला
नळाला उशिरा पाणी यावं तसा
खरखरत, उडत श्वास यायचा.
कधी बे दाहे वीस झालं तरी नाही.
मग तीन एके तीन,
आणि माझं कोपर.

तपासणीत आलं, तासाला त्रेचाळीस वेळा.
डॉक्टर दचकले नाहीत, हे दचकले.
मी म्हटलं, हो, तेवढंच असेल.

मग ते मशीन आलं, पावाच्या लादीएवढं,
नळी, पट्टे, नाकावरचं सिलिकॉन.
पहिल्या रात्री मला वाटलं
शेजारी कुणी पाणबुड्या निजलाय.
ह्यांना मात्र आंधीत खिडकी उघडल्यासारखं झालं म्हणे.
दोनला काढून फेकलं.
गुरुवारी पलककडे आधीच पोचलेलं होतं
दोन वाजून चार मिनिटं.
अंकल, चोरी पकडी गई, म्हणाली.

चार आठवडे हवा गळत राहिली.
तिनं फोन जवळ न्यायला लावला, डावीकडे, वर,
आणि निदान केलं: मिशी.
हे उठून गच्चीवर गेले.
कॉल चालू, मी आणि ती एकमेकींकडे बघतोय.
बेटा, म्हटलं, आमच्या लग्नाच्याही आधीची आहे.
तिनं घाई केली नाही. अगला गुरुवार, म्हणाली.
रविवारी पोह्यांना बसले तेव्हा
वरच्या ओठावर बोटभर उजेड होता
आणि मी विषय काढला नाही.

आता सात तास. तासाला दोन-तीन.
ह्यांना सकाळी सिनेमातली नावं आठवतात.
मीच जागी.
एवढ्या शांततेत झोपायचं कसं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
मशीनचा हिरवा ठिपका बघत बसते,
पाढा जिभेवर येतो, म्हणायला जागाच मिळत नाही.

परवा रात्री वादळ झालं, लाइट गेली.
झोपेतच ह्यांनी मास्क उतरवला,
आणि जुनं घर परत आलं.
मी कूस बदलली. बे एके बे.

पलकच्या आलेखात तिथे कोरी पट्टी.
दो बीस से तीन बजे तक डेटा नहीं है, आंटी.
माझ्याकडे आहे, म्हटलं.
सत्तावीस वेळा थांबला. अठ्ठावीस असेल,
मध्ये मी पाणी प्यायला उठले होते.
सगळ्यात लांब तेवीस सेकंद.
ती जरा गप्प झाली. मग पेन शोधलं,
कागदावर, हातानं लिहून घेतलं,
आणि चष्मा सावरत विचारलं,
अंकल मूंछ फिर से तो नहीं बढ़ा रहे?