कुठल्या पायानं

रात्रीचे पावणेदोन. नॉक्सव्हिलच्या बाहेर, हायवेला लागून,
चोवीस तास उघडं असणारं हॉटेल.
आम्ही सहाजण दोन टेबलं जोडून बसलोय.
कानांत अजून वीस हजार माणसं.
अंडी येतात, बटाटे येतात, कुणाचं लक्ष नाही.

डेल्बर्टचं म्हणणं, मुख्य लढत फुकट गेली.
नवा चॅम्पियन देखणा आहे, कबूल,
पण पडण्याआधी खाली बघतो.
पडणाऱ्यानं जमीन शोधायची नसते,
जमीन येते.
हे टिब्सला विचारा.

झालं. निघाला टिब्सचा विषय.
वय एकसष्ट, रात्रीची तिसरी लढत, मिळाली नऊ मिनिटं.
फटाके नाहीत, धूर नाही,
जुना तपकिरी झगा, त्याच्या कोपरावर ठिगळ.

लर्लीन सांगते, आमच्याकडे तो कोसॅक होता.
डोक्यावर केसाळ टोपी, ऑगस्टच्या उकाड्यात.
माझ्या मावशीनं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईनं,
त्याच्या बरगडीत छत्री खुपसली,
आणि रात्रभर जागी राहिली,
मेला असेल तर?

छे, वेंडल म्हणतो, कोसॅक दुसरा कुणीतरी.
अलाबामात टिब्स म्हणजे पाद्री.
हातात टेलिफोन डिरेक्टरी, काखेत दानपेटी,
गावातल्या खऱ्या माणसांची नावं वाचून
एकेकाला नरकात धाडायचा.
माझ्या बापाचं नाव वाचलं होतं.
बाप मरेपर्यंत सांगत होता.

आणि केंटकीत? मी म्हटलं.
केंटकीत तो आमचा होता.
संपाचा सातवा महिना. सभागृहातले सगळे दिवे घालवायचे,
आणि काळोखात एकच दिवा चालत यायचा,
हेल्मेटवरचा.
आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत.
उभे राहिलो फक्त.

मग हिशेब लागेना.
एकाच वर्षी तीन राज्यांत तीन माणसं?
मेम्फिसच्या जुळ्यांतला बुरखेवाला तोच,
की त्याचा मेव्हणा?
पाठ मोडली त्या हिवाळ्यात पट्ट्यांचा शर्ट घालून
पंच म्हणून उभा होता, हे तरी खरं ना?
लर्लीन रुमालावर लिहीत गेली,
रुमाल भरला, दुसरा घेतला.

डेल्बर्ट म्हणाला,
अस्मान दाखवणारे पैशाला पासरी.
पण कुणीतरी ते बघायला लागतं ना,
पाठ टेकून,
आणि असं बघायला लागतं
की दाखवणारा मोठा दिसला पाहिजे.

कॉफी ओतणारी मुलगी थांबली.
पण ते सगळं खोटंच असतं ना?
डेल्बर्टनं सिरप मागितलं.

रोझलिंड इतका वेळ गप्प होती.
ती हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, रात्रपाळीची.
म्हणाली, मी स्वेटर आणायला गाडीकडे गेले,
तेव्हा मागच्या दारानं तो निघाला.
स्वतःची बॅग स्वतः घेऊन.
डाव्या पायानं लंगडत होता.

उजव्या, आम्ही सगळे एकदम.
नऊ मिनिटं त्या पोरानं उजवाच गुडघा पिळला,
आपणच ओरडत होतो, सोड, सोड तो पाय!

उजव्या पायानं रिंगमध्ये, ती म्हणाली.
मी गाडीकडे जातानाचं सांगतेय.
डावा तर वाकतच नव्हता.
तो तीन पावलं टाकायचा, मग कुणाच्या तरी बॉनेटवर हात.

बटाटे गार झाले होते.
वेंडल उठला. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला,
दोन टेबलांच्या मधल्या जागेत उभा राहिला.
थांबा, म्हणाला, उजवा दुखतोय असं दाखवायचं
तर भार सगळा
डाव्यावर.
आणि उजवा पाय उचलला,
काउंटरला बोटं लावली, मग तीही काढली.

मोजा, म्हणाला.

आम्ही मोजलं.
कॉफीवालीनंही.
दोनला तो बसला.