तासाचा रकाना

नागभीडच्या पुढं फाटक ओलांडलं
की वारा तिखट होतो.
मिरची-सातऱ्याच्या ताडपत्रीखाली साठेक बाया,
नाकावर पदर, पुढ्यात लाल ढीग.
मी टॅब्लेट काढते, आणि नाव विचारायच्या आत
सात वेळा शिंकते.
कुणीतरी पाण्याचा गुंड सरकवतं :
"पयल्या दिवशी सगऱ्यायलेच होते."

प्रश्न अकरावा. तासाला किती मिळतात?
पंचफुला मोहुर्ले देठ खुडत राहते.
"तासाचे नाही भेटत, बाई. किलोचे भेटते."
मग दिवसाला किलो किती?
"मिरचीवर हाये. कडक असन त पटपट.
दमट असन त देठ सुटत नाही, बोट सोलते."
साधारण?
"साधारण अशी मिरची नसते."

येता कधी?
"पहाटंची गाडी शिटी मारते तवा निघतो."
जाता कधी?
"सेठचा काटा उचलला का."
मी गाडीची वेळ शोधते.
आज ती चाळीस मिनिटं उशिरा होती,
म्हणजे पंचफुला चाळीस मिनिटं उशिरा निघाली,
म्हणजे हिशेबानं आज तिची
तासाची कमाई वाढली.
हे मी तिला सांगत नाही.

"पर हे कायले पायजे?"
सांगते : इथली मजुरी, दुसऱ्या देशांतली मजुरी,
सगळी एका पट्टीनं मोजायची.
नुसते रुपयांचे डॉलर करून भागत नाही,
तिथल्या पैशात तिथं काय येतं,
इथल्या पैशात इथं काय, तेही बघायचं.
त्यासाठी एक टोपली धरतात.
टोपली म्हणताच तिनं स्वतःची पुढं केली.
तशी नाही हो. कागदावरची.
ब्रेड, दूध, अंडी, बसचं तिकीट, केस कापणं.
"केस कापाचे पैसे!" शेजारची रेखन सहारे
हसता हसता ठसकली,
मग सगळी रांगच ठसकली.
"ब्रेड कोन खाते? लाखोरीची डार धरा."
लाखोरी यादीत नाही.
"मंग टोपली कोनाची हाये?"

थोड्या वेळानं, देठांकडं बघतच :
"तिकडंबी बाया मिरची खुडतेत का?"
खुडत असतील.
"त्यायले ठसका लागते?"
मी खाली-वर सरकवून पाहिलं.
तसा प्रश्न नव्हता.

घरचे प्रश्न उरले होते म्हणून
संध्याकाळी तिच्या मागं घरी गेले.
दारात तिचं लेकरू उभं,
तीन वर्षांचं असेल.
आई दिसली तसे त्यानं दोन्ही हात
मागं बांधून घेतले.
धावलं नाही. घे म्हणालं नाही.
पंचफुलानं हात राखेनं घासले,
मग तेलानं, मग पुन्हा राखेनं,
आणि गुडघ्यांवर उताणे ठेवून बसली,
जसे काही दुसऱ्या कुणाचे
सांभाळायला दिलेले.
किती वेळ असं?
"आग जाईपर्यंत. ताक असन त घडीभर.
नसन त निजूनच जाते तो."
आम्ही तिघं बसलो.
मी तेवढ्यात स्वच्छतागृहाचे प्रश्न संपवले.
पोरगं उंबऱ्यावर डोकं टेकून
निजलं.

तासांच्या रकान्यात मी साडेतेरा लिहिलं.
दर घसरला.
रात्री चंद्रपूरहून फोन :
"साडेतेरा? सगळे सातऱ्यातले आहेत का?
कामाबाहेरचे तास धरू नका, मॅडम,
तुलना बिघडते."
मी विचारणार होते, कोणाची.
पण मलाही फॉर्मामागेच मिळतात,
बाद झालेल्या फॉर्माचे मिळत नाहीत,
आणि हा एक फॉर्म भरायला किती तास गेले
हे मी अजून मोजलेलं नाही.
साडेदहा केलं.
चुकून डोळा चोळला, आणि बराच वेळ
पडद्यावरचं काही दिसेना.

शेवटी शेऱ्याची जागा असते,
वीस अक्षरांची, कुणी वाचत नाही.
तिथं लिहिलं :
घरी ताक नव्हतं.