फुलोरा नसताना

एल्सी ट्रेगेन पावाच्या पिशवीतून गवताचा ठोंब घेऊन आली,
मुळांना कोबारची तांबडी माती.
टेबलावर ठेवत म्हणाली,
“याचं नाव सांग. शेळ्या हे सगळ्यात शेवटी खातात,
पण खातात.”

मी भिंग काढलं.
पुस्तक विचारतं, तुऱ्याला फाटे किती?
तुरा नाही.
पुस्तक विचारतं, कुसळ सरळ की वाकडं?
कुसळ नाही. एकोणीस महिने पाऊस नाही,
फुलायचं कुणाच्या जिवावर?

एक पान सोललं. सांध्यापाशी
पापणीसारखी केसांची बारीक ओळ.
तिथवर आले आणि दोन नावांत अडकले.
एक, दोन-चार उन्हाळ्यांत आटोपणारं.
दुसरं, लावणाऱ्यालाही पुरून उरणारं,
फक्त हे कुणी लावलेलं नसतं.

चिठ्ठीवर लिहिलं : अनिश्चित.

“बुडाशी बघितलंस?”

बुडाशी जुनी पानं, राखाडी,
वळ्यांवर वळ्या, एकमेकींत गुरफटलेली.
मी ती मेली म्हणून झटकणारच होते.

“आजोबा तांब्यासाठी कॉर्नवॉलहून आले.
खाण मिटली, तेव्हा रंधा धरला.
त्यांच्या दुकानात जमिनीवर हेच पडलेलं असायचं,
असंच कुरळं, पाय ठेवला की करकरणारं.
घरात आम्ही याला सुतारच म्हणतो.
पण कर्जाच्या कागदावर सुतार चालत नाही.
बँकेला खरं नाव पाहिजे.”

मी पुस्तकाची पानं मागे उलटली.
होतं. तळाशी, बारीक अक्षरात,
ज्या ओळीवरून मी दरवेळी उडी मारते :
सुकलेली पानं ढलप्यांसारखी वळतात.
कुरळं पवनचक्की-गवत. बहुवर्षायू.
पाऊस झाला की काडीच्या टोकाला
कापड उडालेल्या छत्रीच्या तारा पसरतात,
पिकल्या की तुटतात,
आणि वाऱ्यावर गडगडत जाऊन
कुंपणाच्या जाळीला ढिगाने बिलगतात.

“ते ढीग मीच उपसते,” एल्सी म्हणाली.

‘अनिश्चित’ खोडलं. लॅटिन नाव लिहिलं,
तारीख, अंतर, मातीचा रंग.
स्थानिक नाव या रकान्यापाशी
पेन थोडं थांबलं,
मग लिहिलं : सुतार. कंसात, एकाच घरात.

नमुना दाबून ठेवायला मी वर्तमानपत्र पसरलं,
तर तिने ठोंब उचललासुद्धा.
“दोन काड्या ठेव तुला.
बाकीचं परत नेते.
खड्डा उघडा ठेवून आलेय.”