ज्याचं जळतं

तेलावीच्या उतारावर उशांगीची भट्टी.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजण,
आतल्या भिंतीला लांबट शोती थापायच्या,
म्हणजे कमरेपर्यंत आगीत वाकायचं
आणि भुवया जळायच्या आत सरळ व्हायचं.
छत्तीस वर्षं.
गावात म्हणत, आग त्याला ओळखते.

माझ्याकडे आला तो घड्याळाची तक्रार घेऊन:
पट्टा बसेना.
उजवं मनगट फुगलेल्या कणकेसारखं,
हलवलं की आत अक्रोडांची पिशवी वाजे.
दुखतं?
‘दुखायला काय झालंय?’
मी दाबलं. मग वाकवलं, जरा जास्तच.
तो खिडकीतून द्राक्षांचे ट्रॅक्टर मोजत होता.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात.
इथे आधी मक्वालाला कळायचं,
वासावरून.
ती ओरडायची, मग तो हात काढायचा.
बोटांवरचे गोल पांढरे डाग
तिनं माझ्यासमोर एकेक करून मोजले,
जणू उधारीच्या वहीतून वाचत होती.

सुई घातली: गढूळ, लालसर पाणी,
त्यात जंतू नाहीत.
साखर ठीक. तो जुना, लाजेचा आजार?
त्याचीही तपासणी केली, तो खो खो हसला,
मक्वाला हसली नाही. तोही नव्हता.
मग कापूस फिरवला. ‘कापूस.’
टाचणी टोचली. ‘तुमचं बोट.’
एका नळीत बर्फाचं पाणी, दुसरीत चहाचं आधण.
दोन्हींना तो म्हणाला, ‘काच.’

मनगटात आठ हाडं असतात.
एक्स-रे उजेडाला धरून मी मोजायला लागले
आणि पाचाच्या पुढे जाता येईना.
बाकीचा चुरा,
जेवण आटोपल्यावर टेबलक्लॉथवर उरतो तसा.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही खरा,
पण हाताचं दुखणं मानेत असेल तर?
तिबिलिसीहून एमआरआय आला.
मज्जारज्जूच्या मधोमध पाण्याची पोकळी,
लांबट, दोन्ही टोकांना निमुळती.
मी शब्द शोधत होते.
तोच म्हणाला, ‘ही तर शोती.’

हो. आणि तिथूनच जातात
दुखण्याचे आणि उष्णतेचे निरोप, आडवे, मधून.
स्पर्श मागच्या वाटेनं जातो, तो वाचला.
राखणदार मेला, घर उघडं राहिलं,
मनगट रोज मोडत गेलं, रोज कामावर गेलं.

कवटीच्या तळाशी थोडी जागा करून दिली सर्जननं,
पोकळी सैल पडली.
आमच्या तरुण गिओर्गाद्झेला मनगटात पट्टी घालून
सगळी हाडं एकत्र सांधायची होती.
मी म्हटलं, थांब.
ज्या हाडाला दुखत नाही ते जुळायला थांबत नाही,
तुझे स्क्रू उपटून कामाला लागेल.
कोपराखालपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचा साचा,
महिनोन्‌महिने. भट्टी बंद.
भट्टीवर त्यानं तासभर घासाघीस केली,
निम्म्या दिवसापर्यंत, मग फक्त रविवारपर्यंत.
मी एक शोतीसुद्धा सोडली नाही.

आणि रोज रात्री दिवा जवळ घेऊन
दोन्ही हात पाहायचे, बोट बोट:
लाली, फोड, चीर, ऊब मक्वालाच्या गालाला.
दुखणं आता डोळ्यांनी करायचं, उशांगी.

फेब्रुवारीत आला. सूज ओसरलेली,
मनगट वाकडं, जाड, पण शांत.
घड्याळ डाव्या हाताला.
आता टेकले वाकते भट्टीत, त्यांची धाकटी,
आणि हा काठावर उभा राहून
‘सरळ हो! सरळ हो!’ ओरडतो.

साच्याच्या हातात, कागदाशिवाय,
आत्ताच काढलेली शोती होती.
मी घेतली, आणि ‘वाइमे!’ करून टेबलावर टाकली.
तो माझ्या बोटांकडे पाहत राहिला,
दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं तसा.

‘कसं असतं ते?’
मी फुंकर घालत होते.
उत्तर द्यायला मला वेळ लागला.