लाल दिसलं पाहिजे

घाटंजीची पहिली गाडी पाचला सुटते.
बाळ सव्वीस दिवसांचं,
बारसं अजून व्हायचंय.
केसपेपरवर लिहिलंय: बेबी ऑफ विशाखा.

माझा डावा डोळा काचेचा नाही, प्लास्टिकचा आहे.
लोक काचेचाच म्हणतात.
रात्री काढून वाटीत ठेवते,
तेवढ्यापुरती सासू मान फिरवते.

माय सांगायची,
"कंदिलाजवळ आली का तुहा डोया मांजरीवानी चमके.
आमाले कवतिक वाटे.
शेजारच्यायले बलावून दाखवो मी."
वर्षभर चाललं ते कौतुक.
मग डोळा बाहेर यायला लागला.
मी मायला कधी काही म्हटलं नाही.
तीच अजून दिवा लागला की
माझ्याकडे बघायचं टाळते.

आमची आशाताई, करुणा मेश्राम,
तिनं सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं:
तुझ्यात होतं ते याच्यात येईल किंवा नाही येणार,
रुपया उडवल्यासारखं.
पण पडलेला रुपया लगेच पाहायचा.
नवरा म्हणाला, "काई दिसत तं नाई."
"दिसाच्या आंधीच जा लागते, भाऊ."

नागपूर. तीनदा थेंब.
बाहुली इतकी पसरली
की डोळ्यात दुसरं काही उरलंच नाही.
चादरीत घट्ट गुंडाळलं, पापण्यांना तारेचा चिमटा.
पाय मी धरले.
नवरा बाहेर गेला तंबाखू मळायला,
सोडली होती त्यानं.

"आतून लाल दिसलं पाहिजे," डॉक्टरीण म्हणाली.
आमच्याकडे पांढऱ्याचीच वाट पाहतात.
बोंडं फुटली, वावर पांढरं झालं
की माणसं उधारीचं बोलायला लागतात.
मी भिंतीकडे तोंड करून म्हणत राहिले,
पांढरं नको, पांढरं नको.

उजवा लाल.
डावा लाल, लाल,
मग ती थांबली.
कडेला आहे, म्हणाली. तिळाएवढं.
लेझरनं जाळता येईल. नजर वाचेल.

तीळ.
माझ्या वेळी केवढं होतं
ते कुणी मोजलंच नाही.

आता दर चार आठवड्यांनी यायचं.
दोन तिकिटं, बाळाचं लागत नाही.
परतीच्या गाडीत ऊन त्याच्या बाजूला आलं,
थेंब उतरले नव्हते, मी पदर धरून बसले
थेट यवतमाळपर्यंत.

रात्री मायचा फोन आला.
बराच वेळ पाण्यापावसाचं बोलली.
मग हळूच, "चमकते का वं?"
"नाही, माय. चमकाच्या आंधीच गेलो."
पलीकडे काहीच नाही.
वाटलं, फोन कटला.
मग म्हणाली, "जेवली का तू?"