खाडा

अठ्ठावीस तारखेच्या रात्री, अल हिद्दच्या कँपात,
मापारी माझ्या खोलीवर आला.
पगाराची चिठ्ठी चार घड्या करून मुठीत.
"टाइमकीपर, हा शब्द बघ.
आपल्या गेटवर आहे, तोच ना?"

तोच.
गेटवर निळ्या पत्र्यावर हातहातभर अक्षरांत: डॉक.
चिठ्ठीत मुंगीएवढा, मागे शेपूट लागलेला: डॉक्ड.
दोन दिवस. नऊ दिनार, तीनशे तेहतीस फिल्स.

मी समजावू लागलो. गुहागरला दोन वर्षं
इंग्रजी शिकवलंय, ती खोड जात नाही.
हे क्रियापद आहे, शमशुद्दीन.
जहाज डॉक होतं, म्हणजे गोदीला लागतं.
कुत्र्याचं शेपूट डॉक करतात, म्हणजे छाटतात.
माणसाचा पगार डॉक करतात...
"म्हणजे गोदीला लावतात?"
म्हणजे छाटतात.
आणि कोर्टात आरोपी उभा करतात
त्या पिंजऱ्यालाही डॉकच म्हणतात, पण ते नाम.
"नाम असू दे नाहीतर सर्वनाम," तो म्हणाला,
"उभं मलाच राहायचंय."

डोळे अजून लाल होते त्याचे.
टँकरच्या पोटात शेजारच्याच्या वेल्डिंगची झळ
उघड्या डोळ्यांनी घेतलेली.
मग दोन दिवस खाटेवर,
पापण्यांत वाळू, पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या.
चकत्या मीच कापल्या होत्या.
डॉक्टरचा कागद नव्हता.
रकान्यात गैरहजेरीची फुलीही मीच मारली होती,
त्याच हाताने, बहुधा हात न धुता.

इंग्रजीची एक सोय आहे:
डॉक्ड म्हटलं की कापणारा वाक्यात दिसत नाही.
कापला गेला, असं आपणही म्हणू शकतो,
पण आपल्याकडे काहीही गेलं
की कुणीतरी विचारतंच, कुणी नेलं?

त्याने नाही विचारलं.
त्याने विचारलं,
"दुरुस्ती झाल्यावर जहाजाचं काय करतात?"
अनडॉक.
गोदीत पाणी सोडतात, दार बाजूला घेतात, टग ओढून नेतो.
"आणि पगाराचं?"
मी उशाखालची डिक्शनरी काढली,
डी चाळला, मग यू.
उगाच. मला माहीत होतं.

"बाजूला मराठीत लिही. फोटो पाठवतो,
नसीमा हिशेब विचारेल."
मी लिहिलं: दोन खाडे.
तो हसला. "आमचं घर खाडीवरच.
लहानपणी वाटायचं, खाडा म्हणजे खाडीचा नवरा.
बाप तांडेल होता. एक दिवस होडी नाही काढली
तर त्या दिवसाची मासळी नाही, एवढंच.
आदल्या दिवशीची कुणी टोपलीतून
परत दर्यात ओतायला नाही सांगितली."

मी म्हणालो, तुझा महिन्यावर पगार आहे.
बोललो आणि ऐकू आलं, हे मी कुणाच्या आवाजात बोललो.

चिठ्ठीच्या त्याच घड्या परत घालून तो गेला.
बाहेर चार नंबरच्या गोदीत पाणी सोडत होते;
दोन महिने लाकडी ठोकळ्यांवर बसलेला टँकर
आपलं वजन हळूहळू पाण्याच्या हवाली करत होता.

मी पुढच्या महिन्याचा तक्ता आखायला घेतला.
मापारीच्या ओळीवर पट्टी सरकली,
रेघ जराशी तिरकी गेली.
खोडरबर समोरच होता.