दोन्ही हातांचा कारकून

ह्या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणतात.
मी मात्र झांझिबारच्या ह्या कडेला,
जांबियानीच्या मशिदीत,
दोन्ही हातांचा हिशेब लिहितो.

डाव्या पानावर जकात :
लवंगवाल्याचा चाळिसातला एक,
मस्कतला गेलेल्या कुणा पोराचे काही,
एक पाकीट बिननावाचं.
उजव्या पानावर बिनव्याजी कर्ज :
बी म्वानाइदी. नायलॉनचा दोर, खुंट्या,
मुदत सहा महिने.

त्या साली समुद्रच तापला.
शेवाळ दोरावर पांढरं पडलं, विरघळलं.
पहिला हप्ता चुकला. दुसराही.
मी दारी गेलो, तर तिनं चहा दिला
आणि ओहोटीच्या वेळा सांगत बसली.
वहीत मी लिहिलं : सवड.
दंडाचा रकाना आमच्या वहीला नाही.

मग दोर खोल पाण्यात गेले.
चौदाव्या महिन्यात ती आली.
ओल्या कांग्याची गाठ सोडून
नोटा मोजल्या, खारट, एकमेकींना चिकटलेल्या.
एक जास्त.

"हे व्याज होईल, बी."
"व्याज ठरवावं लागतं. तू ठरवलं होतंस?"
मी नोट मागे सारली. तिनं पुढे.
अजान झाली, तरी आमचं चालूच.

शेवटी उठली,
नोट पायरीवर ठेवली, वर एक शिंपला.
"ज्याला लागेल तो उचलेल."

नमाजानंतर पाहिलं :
शिंपला तिथंच होता.
खाली काही नव्हतं.

वहीत न घेतलेली
एवढी एकच रक्कम.